स्टेटसवर टाकलं म्हणजे सांगितलं?

राजेंद्रनगरची आत्या
काल इथे कुणीतरी लिहिलं, "आनंदाची बातमी स्टेटसवर टाकली की सगळ्यांना कळते. घरोघर फोन करत बसणं हा मानापमानाचा जुना खेळ आहे, आम्हाला वेळ नाही." वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

माझ्या सख्ख्या भाच्याचा साखरपुडा झाला. मला कधी कळलं? भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होते, समोरच्या गुजराती ताई वरून म्हणाल्या, "बधाई हो दीदी, भतीजे की सगाई हो गई!" आमच्या वहिनीची आणि त्यांची भिशी एक, त्यामुळे नंबर आहे. मी काय बोलणार? "हां हां, थँक्यू" म्हटलं आणि कुलूप उघडायला लागले, तर किल्लीच लागेना.

आत येऊन मोबाईल पाहिला. स्टेटसला 23 तास झाले होते. चहा करून मग बघू म्हटलं असतं, तर तेही उडून गेलं असतं. फोटोत मुलगा, मुलगी, दोन्हीकडचे आईबाप आणि मधोमध शेव आणि जिरावण (आपला इंदुरी मसाला) घातलेल्या पोह्यांची परात. परातीला आमंत्रण होतं, आत्याला नव्हतं.

मला साडी नको, ओटी नको. "आत्या, ठरलं बरं का" एवढं ऐकायचं होतं.

पुण्यात अडकलेला इंदुरी
आत्या, "कुणीतरी" कशाला, ते मीच लिहिलं होतं. आता माझंही ऐका.

आमचा मुलगा पहाटे 3 वाजता झाला. वेळेआधी. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, बायको अजून आत. मी आईला फोन केला, मग मामाला, कारण मामाचा रक्तगट जुळत होता आणि तो पुण्यातच होता. मोठ्या काकांना केला तो मामानंतर 11 मिनिटांनी. काकांचा पहिला प्रश्न: "आधी कुणाला कळवलंस?" बाळ कसं आहे, हे त्यानंतर. मी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये उभा राहून साठी उलटलेल्या माणसाची समजूत काढत होतो. बारशाला काका आले नाहीत ते नाहीतच.

त्या दिवशी ठरवलं, आता सगळ्यांना एकदम. स्टेटसला मोठा काका, धाकटा काका नसतो.

सुदामानगर काका
आजकालच्या मुलांना सगळं फुकट झालंय, म्हणून किंमत नाही. आम्ही एसटीडी बूथवर रात्री अकराची वाट बघत उभे राहायचो, कारण तेव्हा पाव दर लागायचा. मीटरकडे डोळा ठेवून "मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत" एवढं सांगून ठेवायचं. पोस्टकार्डाचा कोपरा फाटलेला दिसला की वाचण्याआधीच घरात रडारड. 2013 साली तार बंद झाली तेव्हाच म्हटलं होतं, आता बातमीचं वजन जाणार.

बाकी आत्या, एक विचारू? साखरपुड्याच्या पोह्यांवर शेव आणि जिरावण? मराठी घरातला कार्यक्रम होता की छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतला?

जिरावण जिंदाबाद
भिया!! इंदुरात राहून जिरावणला नावं?

सुदामानगर काका
नावं नाही ठेवत. रस्त्यावर खावं, मीही खातो. पण कार्याला कांदा फोडणीत परतलेला, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. पाहुण्यांसमोर कच्चा कांदा भुरभुरवायचा म्हणजे काय?

जिरावण जिंदाबाद
काका, तुमचे फोडणीचे पोहे 20 मिनिटांत गार होऊन घशात बसतात. इथले पोहे उकळत्या पाण्याच्या भगोन्यावर ठेवलेले असतात, शेवटच्या प्लेटपर्यंत मऊ. त्यात बडीशेप, किंचित साखर. वर शेव, कांदा, जिरावण, शेजारी जिलेबी. 40 पाहुणे टप्प्याटप्प्याने येतात तेव्हा यजमानीण गॅसपाशी अडकत नाही. ही सोय आहे, संस्कृती बुडत नाही.

नंदलालपुरा, चौथी पिढी
दोघेही ऐका. 1818 मध्ये मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदुरात आली. त्या मराठी कुटुंबांबरोबरच पोहे आले. तेव्हा मूळ पोहे आपलेच, फोडणीचे.

जिरावण जिंदाबाद
राजधानी आली याचा कागद आहे. पोहे आले याचा?

नंदलालपुरा, चौथी पिढी
पोह्यांची पोती उतरवताना कुणी पंचनामा केला नव्हता. आमच्या पणजीने सांगितलंय.

जिरावण जिंदाबाद
मग माझ्या पणजीने सांगितलंय की पोती उतरली तेव्हा जिरावण आधीच इथे उभं होतं, हार घेऊन.

सुदामानगर काका
पणजीवर जाऊ नका. वयाचं भान ठेवा.

माहेर ग्वाल्हेर, सासर इंदूर
वा! एक बाई सांगतेय की तिला घरातली बातमी शेजारणीकडून कळली, आणि तुम्ही सगळे परातीत शिरलात.

आता मी खरं काय ते सांगते. फोन करावा, फोन करावा म्हणताय, तो करतं कोण? आमच्या नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी वही हातात दिली. आधी चुलत सासऱ्यांकडचे, वयाप्रमाणे. मग आत्ये, मामे, मावस. 62 फोन. प्रत्येकाला तेच वाक्य, तोच उत्साह, आणि "मुलगा काय करतो, पत्रिका पाहिली का" याची तीच उत्तरं. कुकरच्या शिट्ट्या मोजत. चौथ्या दिवशी घसा बसला. माझ्या आईला बातमी पाचव्या दिवशी कळली, कारण माहेरचं पान वहीत शेवटी. आणि एक दूरच्या वन्स राहिल्या, तर "सुनेला रीत नाही" हेही माझ्याच खाती.

घरातले पुरुष "सांगून टाक सगळ्यांना" म्हणतात आणि पेपर उघडतात. म्हणून स्टेटस आलं तेव्हा मी देवाला नारळ फोडला.

सुदामानगर काका
हे सरसकट बोलणं झालं. आमच्याकडे अशी कामाची वाटणी कधीच नव्हती. फोन मीसुद्धा केलेत.

माहेर ग्वाल्हेर, सासर इंदूर
काकूंना विचारून लिहा.

सुदामानगर काका
विचारलं. ती नुसती हसली. हा विषय माझ्याकडून संपला. पोह्यांबद्दल मात्र मत कायम आहे.

राजेंद्रनगरची आत्या
62 फोनचं मला सुचलंच नव्हतं, ते मान्य. आमच्या वहिनीनेही माझ्या लग्नात तेच केलं असेल. पण 62 वेगळे आणि सख्खी आत्या वेगळी. पुणेकर, तुमच्या काकांचं चुकलंच, त्या वेळी कुणी असं विचारतं का? पण त्यांच्या रुसव्याची शिक्षा आम्ही बाकीच्यांनी का भोगायची?

पुण्यात अडकलेला इंदुरी
ठीक. यापुढे आत्यांना फोन, काकांना स्टेटस. लेखी देऊ का?

जिरावण जिंदाबाद
आणि मामाला?

पुण्यात अडकलेला इंदुरी
मामाने रक्त दिलंय. त्याला काहीही नाही कळवलं तरी चालतं, तो आपणहून येतो.

राजेंद्रनगरची आत्या
फोन आला. वहिनीचा. 27 मिनिटं. भिशीतल्या कुणीतरी तिला हे सगळं वाचून दाखवलं, "घरातलं चव्हाट्यावर मांडलंत" म्हणून मनसोक्त बोलली. मीही बोलले. दोघी थोड्या रडलो. ठेवता ठेवता लग्नाची तारीख सांगितली. म्हणाली, अजून स्टेटसवर टाकलेली नाही.

जिरावण जिंदाबाद
नाश्त्याला कोणते पोहे, ते विचारलंत का?