2009 सालचा संगणक इंटरनेटसाठी अजून किती वर्षे चालेल?

प्रश्न (डिचोली, निवृत्त शिक्षक):
नमस्कार. माझ्याकडे 2009 साली घेतलेला कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा संगणक असून त्यात 2 जीबी रॅम आणि विंडोज 7 आहे. वृत्तपत्रे वाचणे, ईमेल पाहणे आणि वीजबिल भरणे यापलीकडे माझे काम नाही. गेल्या पावसाळ्यात तो दोन महिने बंद होता. तेव्हापासून कोणतेही संकेतस्थळ उघडले की जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा येतो. दुरुस्तीवाल्याने तर खोका न उघडताच ‘भंगारात द्या’ असे सांगितले. याचे आयुष्य खरोखरच संपले आहे काय?

उत्तर (फोंडा):
सर, प्रथम पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहा. ती काही वर्षे मागची असेल, तर मदरबोर्डवरील (आतल्या मुख्य बोर्डावरील) घड्याळ चालू ठेवणारी नाण्याएवढी सीआर 2032 बॅटरी संपली आहे. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला आरंभाची आणि समाप्तीची तारीख असते. घड्याळ मागे पडले, की संगणकाच्या लेखी आजचे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते आणि तो प्रत्येक संकेतस्थळाला अडवतो. खोका उघडलाच आहात तर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलके पुसा, कारण आपल्याकडच्या दमट हवेत तिथे थर साचतो.

मूळ अडचण मात्र पुढची आहे. विंडोज 7 च्या सुरक्षा दुरुस्त्या 14 जानेवारी 2020 रोजी थांबल्या आणि क्रोमची 109 ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती ठरली. तुमचा प्रोसेसर 64 बिटचा असल्यामुळे त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत कार्यप्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवता येईल. रॅम 4 जीबी केली आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (तिच्याहून वेगवान साठवण) लावली, तर वाचन आणि ईमेल यांसाठी तो आणखी काही वर्षे सहज चालेल. रॅम घेण्यापूर्वी बोर्डाला डीडीआर 2 लागते की डीडीआर 3, हे तेवढे पाहून घ्या.

उत्तर (मडगाव):
वरील सल्ला योग्य आहे, परंतु व्हिडिओची अपेक्षा बेताचीच ठेवावी. यूट्यूबवरील नव्या पद्धतीचे चित्रण उलगडण्याची सोय त्या काळच्या ग्राफिक्समध्ये नसल्याने सगळा भार प्रोसेसरवर पडतो. चित्राची गुणवत्ता 480 वर ठेवल्यास निभावते. माझा पेंटियम 4 याहून जुना, 32 बिटचा. 2025 साली आलेल्या डेबियन 13 या लिनक्सच्या आवृत्तीने अशा यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोयच काढून टाकली, त्यामुळे त्यावर आता फक्त जुनी पत्रे टंकित होतात.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. तारीख 1 जानेवारी 2009 दाखवत होती. बॅटरीच्या खोबणीत हिरवट गंज चढला होता; तो खरवडून नवी बॅटरी बसवताच वृत्तपत्रे उघडू लागली. वीजबिल तूर्त मोबाइलवरून भरीन, आणि चवथीला पुतण्या घरी आला की त्याच्याकडून लिनक्स बसवून घेईन.