राष्ट्रगीत की राष्ट्रगान?

— मुलीच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ‘राष्ट्रगान : जन गण मन, राष्ट्रगीत : वंदे मातरम्’ असं छापलंय. आम्ही तर ‘जन गण मन’लाच राष्ट्रगीत म्हणत आलो. मराठीत बरोबर काय?

— तुम्ही म्हणत आलात तेच. पुस्तकातली ओळ हिंदीतून जशीच्या तशी उचललेली दिसते. संविधानाचा अनुच्छेद ५१क काढून बघा. मूलभूत कर्तव्यांत हिंदी प्रत ‘राष्ट्रगान’ म्हणते, तर मराठी प्रतीत ‘राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत यांचा आदर करणे’ असं स्वच्छ लिहिलंय. वंदे मातरम् हे मराठीत ‘राष्ट्रीय गीत’. मराठी कानाला ‘गान’ म्हणजे गाण्याची क्रिया वाटते: गुणगान, स्तुतिगान. जे गायचं ते गीत. २०२३ साली ‘जय जय महाराष्ट्र माझा’ स्वीकारलं गेलं तेही ‘राज्यगीत’ म्हणूनच. पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनी तरी हे पाळायला हवं.

— थोडी भर घालतो. २४ जानेवारी १९५० ला घटना समितीत यावर ठरावही आला नाही नि मतदानही झालं नाही. अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी निवेदन केलं, सभागृहाने टाळ्या वाजवल्या आणि जन गण मन राष्ट्रगीत झालं. स्वातंत्र्यलढ्यातल्या कामगिरीमुळे वंदे मातरम्‌ला तितकाच मान आणि तोच दर्जा, हेही त्याच निवेदनात आहे. मात्र मूळ इंग्रजी मजकुरात त्याला वेगळं पदनाम नाही, नुसतं ‘गाणं’ म्हटलंय. माझ्या मते नावांचा घोळ तिथूनच सुरू होतो.

— दर्जा समान, तर मग निवड कशावरून झाली?

— चालीचा मुद्दा मोठा होता. १९४७ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत जन गण मन वाद्यवृंदावर वाजलं आणि ते लोकांना आवडलं. नेहरूंनी ऑगस्ट १९४८ मध्ये हे घटना समितीत सांगितलं. परदेशात शब्द कुणाला कळणार, तिथे सूरच बोलतात, असा त्यांचा रोख होता. वंदे मातरम् बँडवर बसत नाही या आक्षेपाला आपल्या मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांनी सरळ चाल बांधूनच उत्तर दिलं आणि दिल्लीत ती वाजवून दाखवली. निकाल बदलला नाही, पण त्यांच्या त्या खटपटीबद्दल मला फार आदर वाटतो. म्हणून वंदे मातरम्‌ला कुणी ‘दुय्यम राष्ट्रगीत’ म्हणालं, की मी ते १९५० चं निवेदन वाचायला सांगतो.