बिल्ड नंबर आपोआप कसा वाढवता? एकाच नंबरच्या दोन एपीके (अ‍ॅप बसवायच्या फाइल) बाहेर गेल्या

बागेतला_कोडर
नमस्कार मंडळी. नाशिकला आम्ही तिघं मिळून द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीच्या नोंदींचं अँड्रॉइड अ‍ॅप करतो. ग्रेडल (अ‍ॅप बांधायचं साधन) फाइलमधला व्हर्जनकोड, म्हणजे बिल्डचा नंबर, आजवर मी हातानेच वाढवत आलो. मागच्या शुक्रवारी रात्री पीएचआयच्या (फवारणी ते काढणी यांमधल्या) दिवसांची चूक दुरुस्त केली, एपीके व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, आणि आकडा वाढवायचा राहिला. सोमवारी पिंपळगावहून एका काकांचा फोन, "अजून चुकीचेच दिवस दाखवतंय." बिल्ड कितवा विचारलं तर म्हणाले ४७. माझ्या फोनवरही ४७! दुपारपर्यंत मी दुरुस्त झालेल्या कोडमध्येच चूक शोधत बसलो. त्यांच्याकडे जुना ४७ होता. फवारणीनंतर किती दिवसांनी माल काढायचा हे पीएचआयच्या आकड्यावर ठरतं, म्हणून जिवाला लागलंय.

नंबर वेगळ्या फाइलमध्ये ठेवून दर बिल्डला एकाने वाढवून पाहिला. तिघांच्या मशीनवर तीन आकडे, आणि तिघांचा कोड एकत्र (मर्ज) करताना रोज त्याच ओळीवर कॉन्फ्लिक्ट. तुम्ही काय करता?

सह्याद्री_८५
तारीख वापरा. वर्षाचे शेवटचे दोन अंक, मग महिना, दिवस, तास, मिनिट. फाइल सांभाळायलाच नको.

रात्रपाळी
मिनिटं धरू नका! प्ले स्टोअर २१०००००००० च्या वरचा व्हर्जनकोड घेत नाही. हा दहा अंकी आकडा २०२० अखेरपर्यंत बसत होता. १ जानेवारी २०२१ ला तो २१०१०१ ने सुरू झाला आणि मर्यादेपलीकडे गेला. तासापर्यंतच ठेवला तर बसतो, पण एका तासात दोन बिल्ड काढले की पुन्हा तुमचा ४७.

मी कमिट, म्हणजे गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) नोंदवलेले बदल, मोजतो. 'गिट रेव्ह-लिस्ट --काउंट हेड' ही कमांड ग्रेडलमधून चालवायची, येईल तो आकडा व्हर्जनकोड. दोन ब्रँचवर (कोडच्या समांतर शाखांवर) तोच आकडा येऊ शकतो, म्हणून बाहेर द्यायची एपीके फक्त मेन ब्रँचवरून काढा.

बागेतला_कोडर
केलं. माझ्या मशीनवर ६१२ आला, गिटहब अ‍ॅक्शन्सवर (गिटहबच्या सर्व्हरवर आपोआप बिल्ड काढणारी सेवा) मात्र १! ती एपीके फोनवर चढेना, कारण आधीच्यापेक्षा लहान व्हर्जनकोड अँड्रॉइड वर बसू देत नाही.

रात्रपाळी
तिथली चेकआउटची (कोड आणायची) पायरी मुळात शेवटचा एकच कमिट आणते. 'फेच-डेप्थ' ० करा, पूर्ण इतिहास येईल.

बागेतला_कोडर
झालं, तिथेही ६१२. अजून एक केलंय: व्हर्जननेममध्ये (वापरणाऱ्याला दिसणाऱ्या आवृत्तीच्या नावात) कमिट हॅशचे (त्या कमिटच्या ओळखखुणेचे) पहिले सात अंक-अक्षरं जोडली, आणि कमिट न केलेले बदल असतील तर रिलीज बिल्ड थांबतोच. शुक्रवारी मी नेमकं तेच केलं होतं, कमिट न करताच एपीके काढली होती. काकांना आज नवीन पाठवली. त्यांनी 'माहिती'च्या पानाचा फोटो पाठवला, त्यावर ६१४ स्पष्ट दिसतोय, आणि दिवसही बरोबर आहेत.