१०० वर्षांच्या पुरासाठी गुंबेल घ्यावे की लॉग-पिअर्सन?

प्रश्न:
एका पुलासाठी १०० वर्षांच्या पुनरावृत्ती काळाचा (म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यतेचा) पूरविसर्ग, म्हणजे पुरात दर सेकंदाला वाहणारे पाणी, काढतो आहे. हाताशी ३२ वर्षांचे वार्षिक कमाल विसर्ग आहेत आणि त्यांत एक पूर बाकी सर्वांहून फार मोठा आहे. मोठ्या पुरांचा अंदाज काढण्यासाठी नोंदींवर बसवायच्या दोन संभाव्यता-वितरणांपैकी गुंबेलच्या तुलनेत लॉग-पिअर्सन प्रकार ३ चे उत्तर जवळजवळ तीस टक्क्यांनी जास्त येते, आणि वितरण नोंदींशी किती जुळते हे पाहणाऱ्या चाचण्यांत दोन्ही उत्तीर्ण होतात. निवड कशाच्या आधारे करावी?

उत्तर १:
या चाचण्यांवर फार विसंबू नका, कारण त्या आकडेवारीच्या मधल्या भागातली जुळणी पाहतात आणि तुम्हाला हवे आहे ते वितरणाचे शेपूट, म्हणजे दुर्मिळ मोठ्या पुरांचा टोकाचा भाग. गुंबेलमध्ये विषमता (वितरण एका बाजूला किती झुकले आहे याचे माप) सुमारे १.१४ वर कायम धरलेली असते, तर लॉग-पिअर्सनमध्ये ती नोंदींच्या लॉगवरून काढली जाते. ३२ नोंदींवरून काढलेली विषमता मुळातच डळमळीत असते आणि एकच मोठा पूर तिला आपल्याकडे ओढून घेतो. तो पूर वगळून गणित पुन्हा करा, पण केवळ उत्तर किती हलते हे पाहण्यासाठी. अंतिम गणितातून तो काढून टाकणे घातक ठरेल. त्यानंतर समान स्वरूपाच्या शेजारच्या खोऱ्यांतील नोंदींवरून प्रादेशिक विषमता काढून ती तुमच्या मोजणी केंद्राच्या विषमतेशी भारित सरासरीने (विश्वासार्हतेनुसार कमी-जास्त वजन देऊन) जोडा.

उत्तर २:
वितरणाच्या आधी त्या आकड्याचीच चौकशी करावी असे मला वाटते. तो विसर्ग प्रत्यक्ष मोजला होता, की पाणीपातळी-विसर्ग वक्र (कोणत्या पातळीला किती विसर्ग हे दाखवणारा आलेख) मोजलेल्या पातळ्यांच्या वर वाढवून काढला? पाणी काठ सोडून पूरमैदानात पसरले की तो संबंधच बदलतो. नोंदींच्या काळात वरच्या अंगाला धरण झाले असेल, तर आधीची व नंतरची वर्षे एकाच वितरणात बसवता येणार नाहीत.

प्रश्नकर्ता:
धरण नाही, मात्र तो विसर्ग वाढवलेल्या वक्रावरूनच काढलेला आहे. तो पुन्हा तपासतो. पुलाचे आयुष्य ७५ वर्षे धरले आहे, मग १०० वर्षांचा पूर पुरेसा नाही का?

उत्तर १:
दरवर्षीची शक्यता १ टक्का असली, तरी ७५ वर्षांत तो पूर किमान एकदा येण्याची किंवा ओलांडला जाण्याची शक्यता सुमारे ५३ टक्के होते. ५०० वर्षांच्या पुरासाठी हीच शक्यता सुमारे १४ टक्के आहे, म्हणून खांबांच्या पायाखालची माती किती खोलवर वाहून जाईल हे त्या पुरासाठीही तपासा, आणि अहवालात विसर्गासोबत त्याच्या विश्वास-मर्यादाही (खरा आकडा बहुधा ज्यांच्या दरम्यान असेल त्या सीमा) द्या.