कॅनडात द्राक्षबागेचं काम, एजंट १२ लाख मागतोय, काय करावं?

पिंपळगावकर
मंडळी सल्ला हवाय. मावसभाऊ निफाडकडचा, बारावी नापास, पण छाटणी, थिनिंग, डिपिंग सगळं येतं. एक एजंट म्हणतोय कॅनडात ८ महिने शेतीकाम, राहायला मालक देणार, १२ लाख लागतील, त्यातले ४ आत्ताच. आणि तिथं नाहीच जमलं तर मेक्सिकोतून अमेरिकेत सेट करतो म्हणे. मावशी अर्धा एकर विकायला निघालीये.

बांधावरचा
ती ८ महिन्यांची स्कीम १९६६ ला जमैकापासून सुरू झालेली, ती फक्त मेक्सिको आणि कॅरिबियन देशांसाठी, आपण त्यात नाहीच. भारतातून दुसऱ्या शेती स्ट्रीममधून जाता येतं, पण आधी तिथल्या मालकाने एलएमआयए काढावा लागतो, म्हणजे मला इथं माणूस मिळत नाही याची सरकारी मंजुरी. तो कागद दाखव म्हणा. शिवाय ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकरीसाठीच्या आपल्या सरकारी पोर्टलवर, नोंदणी असलेल्या एजंटला जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते, मग बाकीचे कुणाच्या घशात?

ओझर रिटर्न
मी आखातात काढलीत ६ वर्षं. पैशाआधी हे बघा की तसल्या परमिटवर एकाच मालकाचं नाव असतं, पटलं नाही म्हणून शेजारच्या बागेत जाता येत नाही. आपल्याकडे पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या उचल घेऊन येतात आणि ती फिटेपर्यंत मुकादमाला बांधलेल्या असतात ना, तसंच, फक्त इथं उचल आपणच भरायची! कॅनडाने २०१९ पासून छळ झालेल्याला ओपन परमिटची, म्हणजे दुसऱ्या मालकाकडे काम करायची, सोय केलीये, पण नवखा पोरगा अर्ज करतोय कधी आणि पुरावा आणतोय कुठून.

सातपूर सेकंड शिफ्ट
मेक्सिकोचं तर नावच नको. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने बेकायदा राहणारे १०४ भारतीय अमृतसरला आणून सोडले, त्यात ३ महाराष्ट्रातले होते. अमेरिकेला मजूर लागतात पण तिच्या अटीवर. १९४२ ते १९६४ ब्रासेरो प्रोग्राममध्ये मेक्सिकन बोलावले, सुरुवातीच्या वर्षांत पगारातले १० टक्के बचत म्हणून कापले, कित्येकांना ते परत मिळालेच नाहीत. मग १ जानेवारी १९९४ ला अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोचा नाफ्टा व्यापार करार, माल मोकळा, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सॅन दिएगोच्या बॉर्डरवर माणसं अडवायला ऑपरेशन गेटकीपर. मेक्सिकोत स्वस्त अमेरिकन मका आला, तिथले छोटे शेतकरी पार बसले आणि मजुरीला उत्तरेकडेच निघाले. आपली द्राक्षं रेसिड्यू, म्हणजे औषधाच्या अंशाची तपासणी, पास झाली की रॉटरडॅमला उतरतात, छाटणाऱ्याला कोण उतरू देतंय.

पिंपळगावकर
कागद मागितल्यापासून एजंट फोन उचलत नाही. सौदा थांबवलाय. भाऊ मात्र रुसून बसलाय, म्हणतो तुम्हाला माझं बरं झालेलं बघवत नाही.