क्लायंटची नखं घासताना आपलीच बोटं सोलवटतात: टेप, ग्लोव्ह्ज की आणखी काही?

नखरेल_नाशिक
उजव्या हातात फाईल, डाव्या हातात क्लायंटचं बोट. दिवसाला ४-५ सेट (दहाही बोटांची नखं), बहुतेक ॲक्रिलिक आणि जेल एक्स्टेन्शन (वरून लावलेली लांब कृत्रिम नखं), फाईल १००/१८० (खरखरीतपणाचा आकडा, म्हणजे ग्रिट). डाव्या अंगठ्याचं टोक आणि तर्जनीची अंगठ्याकडची बाजू कायम सोलवटलेली असते, ॲसिटोन लागलं की चरचरतं. जखमेला लावायची साधी पट्टी धुळीमुळे तासाभरात सुटते आणि नायट्राइल ग्लोव्ह नेमका त्याच जागी फाटतो. बोटांची पकड न जाता टिकेल असं काय लावता? नखं घासायचं मशीन वापरताना वेगळं काही करावं लागतं का?

दोनशेचाळीस_ग्रिट
टेपचे सल्ले खाली भरपूर येतील, म्हणून मी आधी पकडीचं लिहिते. कुठे सोलवटतंय त्यावरून चूक कळते. अंगठ्याचं टोक जात असेल तर तो क्लायंटच्या नखाच्या बरोबरीला येतोय. तर्जनीची बाजू जात असेल तर कडेचा स्ट्रोक संपताना फाईलचं टोक खाली कलतंय. तुमच्याकडे दोन्ही दिसतंय.

क्लायंटचं बोट टोकाला न धरता शेवटच्या सांध्यापाशी दोन्ही बाजूंनी धरा. अंगठा आणि तर्जनीच्या मऊ भागाने नखाच्या बाजूची कातडी खाली आणि मागे ओढायची. त्याने नखाची कड उघडी पडते आणि तुमची बोटं फाईलच्या वाटेतून अर्धा-पाऊण सेंटिमीटर मागे राहतात. मधलं बोट खालून आधाराला. कड घासताना स्वतःचं मनगट वाकडं करू नका, क्लायंटचं बोट फिरवा. घासायची कड वर आली पाहिजे. बोट स्थिर ठेवून फाईल तिरकी केली की तिच्याखाली सगळ्यात आधी येतो तो आपलाच अंगठा. लांब स्ट्रोक नखाच्या वरच्या भागावर ठीक, कडेला २-३ सेंटिमीटरच्या पुढे जायची गरज नसते.

आता फाईल. मोठ्या शीटमधून कापून काढलेल्या फाईलचा काठ सुरीसारखा असतो, आणि क्लायंटच्या क्युटिकलला (नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी) किंवा आपल्या बोटाला चिरा पडतात त्या बहुतेक वेळा या काठामुळे. पाकिटातून काढल्यावर जुनी फाईल ४५ अंशात धरून नवीच्या चारही कडांवरून लांबीच्या दिशेने ३-४ वेळा फिरवा, मग धूळ पुसा. कड तळहातावर हलकेच ओढून बघा, ओरखडा उठला तर अजून दोनदा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि तरी पार्लरमध्ये ते कुणी करताना क्वचितच दिसतं.

शिवाय दोन्ही बाजूंना दाणे असलेली फाईल ती धरणाऱ्या हातालाही घासते. उजव्या अंगठ्याखाली आणि मधल्या बोटाच्या बाजूला कातडी जाड झाली असेल तर हेच कारण. हातातल्या शेवटच्या ५ सेंटिमीटरला दोन्ही बाजूंनी कागदी मायक्रोपोर टेप गुंडाळून टाका.

कात्री_कॉटन_कोल्हापूर
वरच्या पकडीला पूर्ण अनुमोदन. तरीही दिवसाला ४-५ सेट असतील तर काहीतरी आवरण लागणारच.

कोहेसिव्ह टेप घ्या, म्हणजे स्वतःलाच चिकटणारा आणि कातडीला न चिकटणारा, सुरकुत्या असलेला जाळीदार टेप. ब्यूटी सप्लायच्या दुकानात बोटांचा टेप म्हणून मिळतो. केमिस्टकडे कोहेसिव्ह बँडेज मागा, तिथे रुंद रोल आला तर कात्रीने अडीच सेंटिमीटरच्या पट्ट्या करा. घेताना लेटेक्सविरहित आहे ना ते पाकिटावर वाचा, बऱ्याच टेपमध्ये नैसर्गिक रबर असतं.

तर्जनीसाठी १०-१२ सेंटिमीटरची पट्टी: नखाच्या मुळापासून पहिल्या सांध्याच्या अलीकडेपर्यंत दोन फेरे, न ताणता. सांध्याच्या घडीवर टेप आला की बोट वाकताना कड गोळा होते आणि तिथूनच सुटायला लागतो. शेवट बोटाच्या पाठीवर, फाईलपासून लांब दाबून बसवा. अंगठ्याला दोन पट्ट्या: ४ सेंटिमीटरची एक टोकावरून उभी टोपीसारखी, दुसरी तिच्यावरून आडवी. आवळलाय का ते बघायचं तर नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परत आला नाही तर सैल करा.

आता ग्लोव्ह फाटण्याचा मुद्दा. बहुतेक जणी टेप लावून त्यावर ग्लोव्ह घालतात. उलट करा: आधी नायट्राइल ग्लोव्ह, त्याच्यावरून टेप. टेप स्वतःलाच चिकटत असल्यामुळे ग्लोव्हवर छान बसतो, फाईलचा मार तो खातो, ग्लोव्ह शाबूत राहतो, आणि क्लायंट संपली की दोन्ही एकदमच उतरतात. टेप सच्छिद्र असतो, निर्जंतुक करता येत नाही, त्यामुळे तोच टेप पुढच्या क्लायंटला चालवायचा नाही. दर क्लायंटमागे साधारण २० सेंटिमीटर जातो, रोलचा हिशोब त्यावरून करा.

पावसाळ्यात ग्लोव्हच्या आत घाम साठतो आणि टेपसकट सगळं फिरायला लागतं. एक साइझ लहान घालून बघायचा मोह टाळा, तो लवकर फाटतो. क्लायंटचा एक हात झाला की दुसऱ्याआधी ग्लोव्ह बदला, हात कोरडे पुसा, मग नवा घाला.

नखरेल_नाशिक
धन्यवाद ताई. ग्लोव्हवरून टेप हे डोक्यातच आलं नव्हतं. सिलिकॉनच्या टोप्या मिळतात त्या कशा? आणि एकीने शिंप्याचं अंगुस्तान सुचवलं होतं.

दोनशेचाळीस_ग्रिट
अंगुस्तान सुईसाठी. त्यात बोटाला काहीच जाणवत नाही, धातूवरून क्लायंटचं बोट निसटतं, आणि फाईल त्यावर आपटली की दाणे बोथट होतात. सिलिकॉन टोपी धुऊन पुन्हा वापरता येते हा फायदा, पण धूळ बसली की बुळबुळीत होते आणि बोट जाड झाल्यामुळे आपण नकळत जास्त दाबतो. दाब वाढला की क्लायंटचं नख तापतं आणि ती हात मागे खेचते. वापरायचीच तर उघड्या टोकाची नळी घ्या, तर्जनीपुरती. अंगठ्याला टेपच बरा.

मशीनवाली_ठाणे
मशीनचं वेगळं सांगते, कारण तिथे टेपच धोका होऊ शकतो. फिरत्या बिटमध्ये (मशीनचं घासणारं टोक) टेपचं सुटलेलं टोक, सैल ग्लोव्हचं टोक किंवा टेबलावरच्या कापसाचा धागा अडकला तर क्षणात गुंडाळला जातो आणि बोट बिटकडे ओढलं जातं. मशीनचं काम असेल तेव्हा टेप एकाच फेऱ्याचा, टोक दाबून बसवलेला, आणि ग्लोव्ह बोटांच्या टोकाशी घट्ट. केस मागे बांधलेले, ओढणी खोचलेली.

हँडपीस (मशीनचा हातात धरायचा भाग) पेनसारखा धरा आणि त्याच हाताची करंगळी दुसऱ्या हातावर टेकवा, म्हणजे क्लायंटने झटका दिला तरी दोन्ही हात एकत्र हलतात. डावा अंगठा बिटच्या समोर कधीच नको, बाजूला किंवा मागे. बिटची चाल मशीनच्या फिरण्याच्या दिशेवर ठरते. उजव्या हाताने काम करणारीने मशीन फॉरवर्डवर ठेवून नखावर उजवीकडून डावीकडे जायचं. डावखुरी असाल तर रिव्हर्स, आणि डावीकडून उजवीकडे. चुकीच्या दिशेने गेलं की बिट पकड घेतो, नखावरून उडी मारतो आणि थेट धरलेल्या हातावर येतो. वरचं टोक गोल असलेला सेफ्टी बिट घ्या, सपाट टोकाची धार क्युटिकलला आणि तुमच्या तर्जनीला सारखीच लागते.

मशीनवर ३५,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिलंय म्हणून तितकं वापरायचं नसतं. क्युटिकलपाशी, नैसर्गिक नखावर ५-८ हजार, जेल काढताना १०-१५ हजार. वेगाने काम होत नसेल तर बिट झिजलाय, दाबू नका. आणि बिट बदलताना मशीन बंद, नुसता पॅडलवरचा पाय काढून भागत नाही. शँकचा (बिटचा हँडपीसमध्ये बसणारा दांडा) व्यास २.३५ मिलिमीटर हे ठरलेलं माप आहे, सैल बसणारा बिट चालवू नका. तो थरथरतो आणि काम सुरू असताना बाहेर येऊ शकतो.

कात्री_कॉटन_कोल्हापूर
हे हवंच होतं. हाताने फाईल करताना दोन फेरे, मशीनला एक, असं धरा.

त्वचा_आणि_नखं
सोलवटलेल्या कातडीचा दुसरा धोका इथे अजून आला नाही. जेल आणि ॲक्रिलिकमधले ॲक्रिलेट (हेमा त्यातलंच) पूर्ण घट्ट झाले की निरुपद्रवी असतात, पण अर्धवट घट्ट झालेला कच्चा भाग उघड्या कातडीतून सहज आत जातो आणि ॲलर्जी सुरू होते. एकदा झाली की ती आयुष्यभर राहते, आणि कंपनी बदलून सहसा सुटका नसते, कारण सगळ्यांत मूळ रसायनं त्याच कुळातली. पुढे दाताचं सिमेंट भरताना किंवा सांध्याच्या शस्त्रक्रियेतही अडचण येऊ शकते. युरोपियन युनियनने २०२१ पासून हेमाची नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिक वापरापुरती ठेवली, ती याच कारणाने.

म्हणून तीन गोष्टी. जेल क्युअर झाल्यावर, म्हणजे दिव्याखाली घट्ट झाल्यावर, वरचा चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय फाईल लावायची नाही, नाहीतर तो थर धुळीबरोबर तुमच्या चिरांत जातो. दिवा जेलच्या कंपनीने सांगितलेला असावा, वाटेल तो घेतला तर आतपर्यंत क्युअर होत नाही आणि वरून कळतही नाही. नायट्राइल ग्लोव्ह पातळ असतो, ॲक्रिलेट काही मिनिटांत त्यातून आरपार जातं. मोनोमर (ॲक्रिलिकचं पातळ द्रव) किंवा जेल ग्लोव्हवर सांडलं तर पुसत बसू नका, ग्लोव्ह फेकून नवा घाला. फाटलेला ग्लोव्ह तर नसलेल्यापेक्षा वाईट. आत घाम, धूळ आणि ओली कातडी एकत्र राहतात.

आता लक्षणं. बोटांच्या टोकांना खाज, बारीक पाण्याचे फोड, भेगा न भरणं, आणि पापण्यांवर किंवा मानेवर पुरळ. हातांना काही नसताना पापण्या सुजल्या तर धुळीचा संशय घ्या. हे दिसलं तर नुसतं मलम लावत काम चालू ठेवू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट (कातडीवर घटक लावून ॲलर्जी तपासणं) करून घ्या आणि उत्पादनाच्या बाटल्यांचे फोटो सोबत न्या, डॉक्टरांना घटक लागतात.

रक्त आलं तर: काम थांबवा, साबण-पाण्याने धुवा, स्वच्छ गॉजने दाबा, पाणी न शिरणारी पट्टी, मग नवा ग्लोव्ह. ती फाईल कचऱ्यात, बिट निर्जंतुकीकरणाला. हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर घ्या, तीन डोस असतात: ०, १ आणि ६ महिन्यांनी.

नखरेल_नाशिक
पापण्यांचं वाचून आठवलं, डोळ्यांच्या कडा गेले काही आठवडे खाजताहेत, मी धूळ समजून पाणी मारत होते. सोमवारी बंद असतं, तेव्हाच डॉक्टरकडे जाते. तोवर जेलचे सेट घेऊ नयेत का?

त्वचा_आणि_नखं
तपासणी होईपर्यंत नवे सेट लावणं आणि घासून काढणं दोन्ही थांबवा, हातातले बुकिंग दुसऱ्या टेक्निशियनला द्या. नुसतं साधं मॅनिक्युअर आणि नेलपॉलिश चालेल. टेबलावर, दिव्यावर आणि बाटल्यांच्या झाकणांवर बसलेली धूळ ग्लोव्ह घालून ओल्या कापडाने पुसा, कोरडी झटकू नका.