शब्दचर्चा : वर्तुळखंड म्हणजे कंस की पाकळी?

प्रश्न

नववी-दहावीच्या भूमितीत जीवा, कंस, वर्तुळखंड, वर्तुळ पाकळी, वृत्तछेदिका हे शब्द पाठोपाठ येतात. व्याख्या पाठ असतात, पण आकृतीत वर्तुळखंड दाखवायला सांगितला की मुले कंसावरून बोट फिरवतात. खंड म्हणजे तुकडा, मग वर्तुळाचा तुकडा कंसच ना, असा त्यांचा तर्क. तो खोडायचा कसा? आणि त्रिज्येतला 'त्रि' कशाचा?

प्रतिसाद १

तर्क खोडू नका, त्याला धरूनच पुढे जा. प्रतलात केंद्रापासून सारख्या अंतरावर असलेल्या बिंदूंचा संच म्हणजे वर्तुळ, म्हणजे नुसती कड. त्या अर्थाने वर्तुळाचा तुकडा कंसच ठरतो. वर्तुळखंडात मात्र 'वर्तुळ' हा शब्द आतल्या भागासकट वापरला आहे. 'वर्तुळाचे क्षेत्रफळ' म्हणतानाही आपण तेच करतो. घोळ इथे आहे.

म्हणून व्याख्येआधी एक प्रश्न विचारायची सवय लावावी: ही वस्तू कुठल्या जातीची? केंद्र हा बिंदू. त्रिज्या, जीवा, व्यास हे रेषाखंड. वृत्तछेदिका आणि स्पर्शिका या रेषा, दोन्हीकडे न संपणाऱ्या. कंस ही वक्र कड. वर्तुळखंड आणि पाकळी हे भाग, ज्यांत रंग भरता येतो. रंग भरायला लावणे हीच उत्तम चाचणी. कंसात रंग भरताच येत नाही, हे पेन्सिल हातात घेतल्यावर आपोआप कळते.

खंड आणि पाकळी यांतला फरक सीमेवरून ओळखावा. जीवा आणि कंस यांनी बांधलेला तो वर्तुळखंड. दोन त्रिज्या आणि कंस यांनी बांधलेली ती पाकळी. गल्लत झाली तर उत्तर किती चुकते ते पाहा. त्रिज्या 10 सेमी, केंद्रीय कोन 90°, पाय (π) 3.14 घेतला तर पाकळीचे क्षेत्रफळ 78.5 चौसेमी. दोन त्रिज्या आणि जीवा यांच्यातला काटकोन त्रिकोण 50 चौसेमीचा. तो वजा केला की लघुवर्तुळखंड उरतो 28.5 चौसेमी. गुण बहुधा जातात ते ही वजाबाकी राहून गेल्यामुळे, सूत्र चुकल्यामुळे नव्हे.

प्रतिसाद २

विभक्तीकडेही लक्ष हवे. 'वर्तुळावर बिंदू घ्या' आणि 'वर्तुळात बिंदू घ्या' या दोन वेगळ्या सूचना आहेत. केंद्र वर्तुळावर नसते, ते अंतर्भागात असते. चूक की बरोबर या प्रश्नात हे हमखास येते.

तसेच 'काढा' हे क्रियापद. 'त्रिज्या काढा' म्हणजे रेषाखंड आखायचा की लांबी शोधायची? मराठीत दोन्ही अर्थ चालतात आणि त्रिज्या हा शब्दही रेषाखंड व लांबी दोन्हींना लागतो. प्रश्नपत्रिकेत 'आखा' किंवा 'त्रिज्येची लांबी काढा' असे लिहिले तर शंका उरत नाही.

प्रतिसाद ३

आता 'त्रि'बद्दल. त्रिज्या म्हणजे तीन ज्या नव्हेत. राशिचक्राच्या 360 अंशांत 12 राशी, एक रास 30 अंशांची, तीन राशी म्हणजे 90 अंश. जुन्या गणितात कंसाची ज्या, म्हणजे खरे तर दुप्पट कंसाच्या जीवेची अर्धी लांबी, मोजत. कंस वाढत 90 अंशांचा झाला की त्याची ज्या बरोबर केंद्रापासून कडेपर्यंत पोहोचते. तीन राशींची ज्या ती त्रिज्या.

हे सगळे शब्द धनुष्यावरून आले आहेत: चाप (म्हणजे कंस) हे धनुष्य, ज्या किंवा जीवा म्हणजे त्याची दोरी, आणि जीवेच्या मध्यापासून कंसाच्या मध्यापर्यंतचा तो शर, म्हणजे बाण. शर शाळेतून गेला याचे वाईट वाटते, कारण वर्तुळखंडाची 'उंची' म्हणून तो आजही लागतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत उदाहरण आहे: व्यास 10, ज्या (इथे पूर्ण जीवा) 6, तर शर किती? व्यास आणि ज्या यांची बेरीज 16, वजाबाकी 4, गुणाकार 64, त्याचे वर्गमूळ 8. व्यासातून 8 वजा करून उरलेल्याचे अर्धे केले की शर 1. दहावीचा विद्यार्थी हेच पायथागोरसने सोडवेल: त्रिज्या 5, अर्धी जीवा 3, म्हणून केंद्रापासून जीवेचे अंतर 4 आणि 5 − 4 = 1.

प्रश्नकर्ता

धन्यवाद, राशींचा धागा अजिबात माहीत नव्हता. आणखी एक: कंसाचे माप अंशांत लिहायचे की सेंटिमीटरमध्ये?

प्रतिसाद १

माप अंशांत, लांबी सेंटिमीटरमध्ये. 3 सेमी आणि 6 सेमी त्रिज्येची दोन वर्तुळे एकाच केंद्रातून आखा आणि 60° चा केंद्रीय कोन करा. दोन्ही लघुकंसांचे माप 60° च, लांबी मात्र 3.14 सेमी आणि 6.28 सेमी. म्हणूनच कंस एकरूप म्हणायला समान मापाबरोबर त्रिज्याही समान लागतात. विशालकंसाचे माप 360° मधून लघुकंसाचे वजा करून येते, इथे 300°. कोणता कंस अभिप्रेत आहे ते कळावे म्हणून मधला बिंदू घेऊन तीन अक्षरी नाव द्यावे: कंस कगख. नुसते कंस कख लिहिले तर तो लघुकंस धरतात.

प्रतिसाद ४

रचनेतल्या दोन चुका जोडतो. 'व्यास 5 सेमी' दिलेला असताना कर्कटकात 5 सेमी घेतले जाते, घ्यायचे 2.5. दुसरी, अंतर घेताना लोखंडी टोक पट्टीच्या कडेला टेकवतात, शून्याच्या खुणेवर नाही. ज्या पट्टीत शून्य कडेपासून थोडे आत असते, तिथे तेवढा फरक थेट त्रिज्येत शिरतो.

बांगडीभोवती पेन्सिल फिरवून आखलेल्या वर्तुळाचे केंद्र हवे असेल तर दोन जीवा काढून त्यांचे लंबदुभाजक आखा. छेदतात तिथे केंद्र. जीवा एकमेकींना जवळजवळ समांतर घेतल्या तर लंबदुभाजक फार लहान कोनात छेदतात आणि छेदनबिंदू नेमका ठरत नाही. जीवा साधारण काटकोनात घ्याव्यात, आणि लांबही.

प्रतिसाद २

'परिघावर बिंदू घ्या' हेही सर्रास लिहिले जाते. परीघ ही वर्तुळाची लांबी, त्यामुळे काटेकोरपणे 'वर्तुळावर' हवे. आणि लेखन: परीघ दीर्घ, पण परिघाचा ऱ्हस्व, जसे गरीब आणि गरिबाचा.